एकदाच दाबायचं बटन

आई, ओट्यावरचा तुझा छोटा बल्ब अजून चालू आहे. लग्नानंतरच्या तापात तुझे कान गेले आणि बाबांनी प्लांटातून आल्यावर स्वतः वायर ओढून तो लावला. बटन बाहेर दाराशी. साऱ्या गल्लीत लोकांच्या दाराला घंटी होती, आपल्या क्वार्टरच्या दाराला उजेड होता. मी शाळेतून भुकेला यायचो आणि बटन दाबतच सुटायचो. एकदा तू कणकेच्या हातानं बाहेर आलीस, माझं बोट धरून बटनावर ठेवलंस, दाबलंस, सोडलंस. "एकदाच दाबत जाय. मी बहिरी आहो, आंधळी नाही." तुझा आवाज नेहमीसारखा मोठा, तुलाच ठाऊक नसलेला, शेजारच्या काकू कपडे वाळत घालता घालता हसल्या. मला राग आला होता, पण तेव्हापासून मी एकदाच दाबायचो.

म्हणून त्या दुपारीही एकदाच दाबलं. दप्तर ठेवून पायरीवर बसलो. भात उतरवत असशील, म्हटलं. पायरीवरचं ऊन सरकत माझ्या गुडघ्यांवर आलं. शेवटी काकू मागच्या दारानं आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता. डॉक्टर बाबांना म्हणाले की मी यायच्या कितीतरी आधीच तू गेली होतीस. मला ते पटतं. बोटाला पटत नाही. तेव्हापासून एकदा दाबून थांबणं मला जमत नाही.

बाबा आजही ड्यूटीवरून आले की आधी बटन दाबतात, मग खिशातून चाबी काढतात. मी आत असलो आणि तो बल्ब लागला की ओट्यापासून बाजूला सरकतो. तुला जायला जागा लागेल म्हणून. आम्ही दोघं यावर कधी बोलत नाही. तसं बोलतोच कमी. कॉलेजातल्या एका सरांशी भांडून मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आणि नेहरू नगरच्या दुकानात वायफायचे बल्ब बसवायला लागलो, तेव्हा मात्र बाबा बोलले. "बल्बच लावाचे होते तर कॉलेजात कावून गेलता?" मी उलटून म्हटलं, तुम्ही पण लावलाच होता ना. ते जेवणावरून उठले.

रिसालीत एक मुलगी आहे. घरीच केक बनवून विकते, आजीसोबत राहते, जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या घरी मीच सगळं बसवलं. दारावर कोणी आलं की निळा, ओव्हनचा वेळ झाला की पिवळा, धूर झाला तर सगळ्या खोल्या लाल. खुर्चीवर चढून बल्ब फिरवताना तुझीच आठवण येत होती, आणि खाली उभं राहून ती हातांनी मला हसत होती. पुढं मी गुलाबी रंग जोडला, तो माझा. दुकानातून फोनवर टिचकी मारायचो, तिकडे तिच्या भिंती गुलाबी व्हायच्या आणि तिचा मेसेज यायचा, "काम कर अपना."

मागच्या आठवड्यात तो मेसेज आला नाही. दुर्गचं एक स्थळ येणार, असं आजी माझ्यासमोर बोलून गेली होती. भर दुपारी मी गुलाबी लावला. पुन्हा लावला. डोक्यात पायरीवरचं ऊन चढत गेलं आणि मी सगळी बटनं दाबत सुटलो, लालसुद्धा. तिचा फोन चार्जिंगला होता, ती क्रीम फेटत होती, एवढंच. तिनं आजीला ओढत रस्त्यावर नेलं. आजी पायरीवर पडली, मनगट सुजलं. संध्याकाळी मेसेज आला: "अब लाल जलेगा तो मैं भागूँ, या समझूँ कि तू है?"

यावर मी किती काय लिहिलं आणि पुसलं. तिचं बरोबर होतं, आई. ती रात्री ज्याच्या भरवशावर झोपते, तेच मी खोटं करून ठेवलं होतं. आणि त्या घराची चाबी माझ्याच फोनमध्ये.

काल गेलो. फाटकाचं बटन दाबलं. एकदाच. हात खिशात घातला, बाहेर येऊ दिला नाही. आत निळा लागून गेला असेल. पडदा हलत नव्हता. तरी थांबलो. दार उघडलं, तिनं हात पुढं केला, मी फोन अनलॉक करून दिला. तिनं स्वतः बल्बच्या अ‍ॅपमधून माझं नाव काढलं, तिचं टाकलं, आजीला दाखवलं आणि फोन परत देऊन दार लावलं. रागानं नाही, हळूच. पुन्हा येऊ की नको, हे मी विचारलं नाही.

हे पत्र तुला कुठं पाठवणार? ओट्याच्या फळीवर ठेवतो. एकच सांगायचं राहिलं. फाटकाशी थांबलो होतो ना, तेव्हा मी तिची वाट पाहतच नव्हतो, तुझी पाहत होतो. दार उघडलं आणि ती दिसली, तेव्हा क्षणभर मला वाईट वाटलं.