रंगकाम होईपर्यंत

३ फेब्रुवारी

पोचले एकदाची भाईंदरला! नाशिकहून निघताना वाटलं होतं, मावशीच्या घरात एकटीला करमणार नाही. पण दार उघडलं तर हॉलभर ऊन, आणि खालून खारीगावातल्या कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. दुसरा मजला, वन बीएचके, तीस वर्षांचं घर. आयुष्यात पहिल्यांदाच घर विकतेय, म्हणून ही वही घेतली. रोजचं काम रोज लिहायचं.

दुपारी एजंट जितेश येऊन गेला. बोलका आहे, मराठी-गुजराती-हिंदी सगळं एकत्र. म्हणाला, घर असं दाखवायचं की इथे आधी कुणी राहत होतं हेच पार्टीला कळता कामा नये. फोटो, खिळे, जुना रंग, सगळं काढा.

चंद्रावतीमावशीला येताना वाटेतच तारोडीच्या वृद्धाश्रमात सोडलं. रंगकाम होईपर्यंत, असं तिला सांगितलंय. घर विकण्याच्या मुखत्यारपत्रावर सही घेतली, ती बँकेचा कागद म्हणून. चष्मा शोधत होती. मी म्हटलं, राहू दे गं, इथे कर. माझ्या बाळंतपणात हीच बाई चार महिने नाशिकला येऊन राहिली होती. पण दिवाळीत पडल्यापासून ती नाशिकला माझ्याकडेच होती, तिला एकटीला जमत नाही, आणि मला मुलाच्या शिक्षणाचंही बघायचंय. असो.

६ फेब्रुवारी

रंगारी दत्ताराम सकाळीच आला. खारीगावातलाच, साठीचा असेल. पत्र्याने भिंती खरवडायला घेतल्या. पोपडे भराभर निघाले, हाताहाताएवढे. मध्येच त्याने मला बोलावून भिंतीला हात लावायला सांगितला. "ताई, ही ओल न्हाय. भिंत ऊन हाय." खरंच, ताप आलेल्या कपाळासारखी लागली. बाहेरून ऊन लागत असेल, म्हटलं. त्या भिंतीच्या बाहेर जिना आहे, हे नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी आश्रमातून आशा सिस्टरांचा फोन. मावशीच्या दंडांची साल निघतेय. नवा साबण बाधला असेल, असं मीच सुचवलं. खोबरेल लावा म्हटलं.

८ फेब्रुवारी

हॉलमधले खिळे उपटून झाले. अकरा. मग तारोडीला गेले.

सिस्टरांनी मावशीचा गाउन वर करून पाठ दाखवली. भोकं. रक्त नाही, पू नाही, नुसती कोरडी भोकं. दोनदा मोजली. अकरा.

मावशी पालथी पडून होती. पावलांवरून मला ओळखलं. काम कुठवर आलं, म्हणून विचारलं. सिस्टर बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "विकायचंच आहे तर नीट विक गं ममते. माझ्यासाठी थांबू नको."

मी तिला विकण्याचं कधीच सांगितलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये रडले. दत्तारामला फोन करून काम थांबव म्हणायला हवं होतं. भाईंदर येईपर्यंत फोन हातातच होता.

केला नाही.

११ फेब्रुवारी

पुट्टी झाली. पांढऱ्या रंगाचा पहिला हातही झाला. घर मोठं दिसायला लागलंय.

सिस्टरांचा फोन. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं उतरलंय. डॉक्टरांना काही कळत नाही, तुम्ही या, म्हणाल्या. उद्या येते म्हटलं.

दत्तारामने विचारलं, दुसरा हात द्यायचा का. मी हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी

तारोडीला गेले नाही. बोरिवलीचं जोडपं घर बघून गेलं. पसंत आहे. फक्त हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत काढून हवी.

दत्तारामने त्या भिंतीला कान लावला. बराच वेळ. मग डबे-ब्रश गोळा केले. "हितं ठोके लागतान ताई. मी न्हाय हात लावनार."

जितेश उद्या दुसरी माणसं पाठवतोय. मी नको म्हटलं नाही. मला माहीत आहे, तरी —

१४ फेब्रुवारी

दार मीच उघडलं. त्यांना चहा मीच दिला.

अकरा वाजता पहिला हातोडा पडला. लगेच फोन वाजला. आश्रमाचा नंबर. वाजत राहिला. थांबला. परत वाजला.

आवाजात ऐकू आला नाही, असं सांगेन.

१५ फेब्रुवारी

मावशी गेली. बरगड्या मोडून. गादीवर पडल्या पडल्या, कुणी हातही न लावता — सिस्टर बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या. शेवटी विचारत होती म्हणे, ममता जेवली का.

अग्नी मीच दिला.

सोसायटीचे सेक्रेटरी गुणवंतभाई भेटून गेले. मावशीने वारस म्हणून माझं एकटीचं नाव लावलंय. आता घर तुमचंच, म्हणाले.

अर्धी भिंत अजून उभी आहे.

१६ फेब्रुवारी, सकाळ

माझे दंड पांढरे पडलेत. गार. रंगाचा वास येतोय.

डाव्या कुशीत हात घातला. बरगड्या लागत नाहीत. अर्ध्याच —

दहाला माणसं येणार आहेत. उरलेली भिंत पाडायला. जितेश फोन घेत नाही. कडी लावली. खिडक्या ओढून घेतल्या. कुणालाच आत —

ओठ उघडत नाहीत. कडी लावल्यापासून. नजरही अंधुक —

बेल वाजली. छातीत वाजली.

कडी काढायला हवी. उठता येत नाही. पाय फरशीला —

"मॅडम, अंदर हो क्या?" दारावर थाप. प्रत्येक थाप दातांवर बसतेय. मावशी कशी बोलली नाही. एकदाही कशी —

जितेशचा आवाज. मी आत पडलेय असं वाटतंय त्यांना. नको. नको म्हणायचंय मला. तो सांगतोय, तोडा, दार तसंही बदलायचंच हो