मान हलली नाही म्हणून

चिरंजीव धाकट्यास, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? भावजयीचा दमा? नातीला दात आले का? तुमचं ते म्हातारं मांजर अजून आहे ना? (असेल तर त्याला माझं वय सांग, धीर येईल.)

माझं विचारशील तर (विचारलं नाहीसच, तरी सांगतो) माळ्यावरून रंधा काढताना स्टूल सरकलं आणि मानेचा वरून दुसरा मणका मोडला. डॉक्टर तरुण, पण कामाचा माणूस. गळ्यावर पुढून नखाएवढी चीर पाडून, पडद्यावर बघत बघत, खालून वर एक स्क्रू बसवला. मी आधीच विचारलं होतं, "बारीक भोक पाडून घेता ना? नाहीतर फाटतं." तो म्हणाला, "घेतो काका, पण हे लाकूड नाही." चाळीस वर्षं सुतारकी केली, इतकी नेटकी जोडणी मला जमली नाही. घोटाळा झाला तो जखम लहान निघाल्याने. भेटायला येणारे गळ्याच्या पट्ट्याच्या फटीतून वाकून वाकून शोधतात आणि "एवढंच?" म्हणून हिरमुसतात. शेजारच्या मास्तरांनी तर सदरा वर करून स्वतःच्या पित्ताशयाचा वीतभर व्रण दाखवला आणि मला आणलेली सफरचंदं बोलता बोलता स्वतःच संपवली.

पुढचं मात्र हसण्यासारखं नाही. मी कशालाही तोंडाने हो-नाही म्हणत नाही, नुसती मान हलवतो, हे तुला ठाऊक आहे (आपल्या वडिलांचंही तेच). आता हनुवटीपासून छातीपर्यंत पट्टा, मान हलवायची सक्त मनाई. नेमकं तेव्हाच थोरल्याने विचारलं, "बाबा, आपलं वर्कशॉप मोडून तिथे मोबाइलचं दुकान काढू?" मी होतो तसाच बसलो. तो आईला म्हणाला, "बघ, नाही म्हणाले नाहीत!" दुसऱ्या दिवशी माझ्या पटाश्या, करवती पोत्यात. खाटेवर पडून ऐकत होतो. कोणती करवत आपटली ते आवाजावरून कळत होतं. मणका मोडला तेव्हा इतकं दुखलं नव्हतं रे.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
दादा

ता. क. जागा तुझ्या-माझ्या दोघांच्या नावावर आहे. रविवारी थोरला कागद घेऊन तुझ्याकडे येईल. सही करू नकोस.

पुन्हा ता. क. तू म्हणशील, दादा, तोंडाला तर पट्टा नव्हता. खरं आहे. पण रोज सकाळी तो मला उताणं झोपवतो, पट्ट्याचा पुढचा भाग काढतो आणि श्वास रोखून माझी दाढी करतो. टाक्याजवळ आला की आधी त्यावर बोट ठेवतो, मगच वस्तरा फिरवतो. अशा पोराला "नाही" कसं म्हणू? तेवढं तू म्हण. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. आणि म्हणशील की नाही ते रविवारच्या आत लिहून कळव.