केसरआत्याच्या पाठीचं माप

सिडको, छ. संभाजीनगर
३ फेब्रुवारी २०२५

ती. केसरआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

पिशोरच्या एसटीनं फवारणीचा पंप पाठवलाय. चितेगावच्या कंपनीत डिझायनर म्हणून सहा वर्षं झाली, पण सगळा माझ्या हातचा असा हा पहिलाच. वीस तारखेला साहेबांनी होकार दिला की कारखान्यात बनायला लागेल. तुझ्या कांद्यात चालवून बघ आणि खरं ते लिही. फोनवर तू नुसतं कौतुक करतेस.

बाकी, लहानपणी मालिकेत केलेला रडका राजू काही माझी पाठ सोडत नाही. कंपनीत कुणाचा वाढदिवस असला की मला रडून दाखवायला सांगतात. साहेब तर म्हणतात, जाहिरातीत हाफपँट घालून पंप तूच पाठीवर घे. मी छत्तीस वर्षांचा आहे हे त्यांना दोनदा सांगून झालं.

लोभ आहेच, तक्रारी असतील तर त्याही कळव.
तुझा अभय

पिशोर, ११ फेब्रुवारी

चि. अभयला आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पंप लई देखणा. दोन दिवस घरातच मांडून ठेवला. मग साधं पाणी भरून कांद्यात शिरले. दहा वाफ्यांत पट्टा चौदा वेळा खांद्यावरून घसरला, टाकी कमरेत टोचत राहिली. शेजारच्या सुलेखानं घेऊन बघितला, ती तर मागंच कलंडली. माप कोणाच्या पाठीचं घेतलं होतंस? तुझ्या राजूनं मला कधी रडवलं नाय, या पंपानं रडवलं.

एक सांगते. शूटिंगला मीच तुझ्यासोबत असायचे. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं की विचारायचे, झोंबतं का. लोकांचं काम अडू नये म्हणून तू नाय म्हणायचास, अन् घरी येईपर्यंत डोळे लालभडक. पंपाचं तसं करू नको. झोंबतंय ते साहेबाला सांग.

वेळेवर जेव. रागावलास तरी पत्र टाक.
तुझी आत्या

सिडको, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

माप माझ्याच पाठीचं होतं. वीस तारखेला सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचलं आणि पंप मागं घेतला. साहेब भडकले. महिन्याची मुदत मागितली तर म्हणाले, राजूसारखं रडून दाखव, देतो. कँटीनमध्ये उभा राहिलो. ग्लिसरीनच्या तुझ्या ओळी आठवल्या आणि खरंच रडू आलं, ते थांबेचना. चहावाला ओतता ओतता तसाच उभा. शेवटी साहेबच घाबरून म्हणाले, बाबा, दोन महिने घे.

पुढच्या रविवारी मोजपट्टी घेऊन येतोय. उंच, बुटक्या, जाड, बारीक अशा दहा-बारा बायका जमवून ठेव.

रागावलो नाही. माया अशीच राहू दे.
अभय

पिशोर, १८ मे

चि. अभयला जयभीम आणि आशीर्वाद.

पंप पास झाला ते कळलं. तू धाडलेला नवा पंप मी बी इथं रोज फिरवते. पट्टा जागच्या जागी, कंबर शाबूत. परवा जाहिरातवाले शेतात येऊन गेले. नवी साडी आणली होती, मी जुनीच नेसले. हसा म्हणाले. मी म्हणलं, फवारताना तोंडाला फडकं असतं, हसू दिसणार कोणाला? मग तसंच शूटिंग केलं.

काल ती जाहिरात गावभर मोबाइलवर फिरली. नुसते डोळे दिसतात. बाजारात आपल्या आळीतली रत्नमाला जो भेटेल त्याला सांगत होती, ती बाई म्हणजे मीच. मला बी थांबवून सांगितलं. मी म्हणलं, व्हय गं, लई झकास काम केलंस. तिच्या बी पाठीचं माप त्यात हायच की.

सवड काढून ये, वाट बघते.
तुझी आत्या, केसरबाई