कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

३ मार्च, सोमवार
हिचा जुना कॉम्प्युटर आज कायमचा गेला. भरतकामाच्या मशीनला नावं पाठवणारा प्रोग्रॅम फक्त त्यातल्या जुन्या सिस्टीमवर चालायचा. माझ्या नव्या लॅपटॉपवर उघडायलाच तयार नाही. पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या मेट्रनबाई एप्रन न्यायला येणार, प्रत्येक खिशावर नाव हवं. नाही झालं तर वर्षाचं काम दुसरीकडे देणार आहेत. ही रडकुंडीला आली. मी म्हटलं, काळजी सोड. लॅपटॉपच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर बनवता येतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात जुनी सिस्टीम घालायची, की झालं. उद्या दुपारपर्यंत. भावजींना बोलवू का, असं हिने विचारलं. धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो म्हणून काय झालं? थोरला मी आहे.

४ मार्च
खोटा कॉम्प्युटर तयार. पाहुणा म्हणून सगळी मेमरी त्यालाच दिली. माझा लॅपटॉप आडवा झाला. निम्मी परत घेतली. मग काळा पडदा: बूट करायला, म्हणजे मशीन सुरू करायला, काही सापडत नाही. जुन्या सिस्टीमची सीडी जोडायची राहिली होती. हे कुणाचंही झालं असतं.

५ मार्च
खरी प्रगती. पडद्यावर ओळ येते: सीडीवरून सुरू करण्यासाठी कुठलीही कळ दाबा. दाबली. डिस्क फॉरमॅट केली, फायली कॉपी झाल्या, मशीन आपणहून रीस्टार्ट झालं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा दाबली. पुन्हा फॉरमॅटपासून सगळं. पक्कं काम व्हायला वेळ लागतोच.

६ मार्च
दिवसभर तेच. कळ नीट लागत नसावी, म्हणून नवा कीबोर्ड आणला. हिने कीबोर्डकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत गेली. माझी अख्खी नोकरी परीक्षेच्या हॉलमध्ये सूचना वाचून दाखवण्यात गेली. सूचना पाळणारा माणूस चुकूच शकत नाही.

७ मार्च
ती ओळ जेमतेम काही क्षण टिकते. आता बोट स्पेसबारवर ठेवूनच बसतो. एकदाही हुकलो नाही. या वयात एवढी चपळाई!
धाकट्याचा फोन. हिचंच काम. दादा, बूटचा क्रम पाहिलास का, म्हणे. मी सांगितलं, क्रम मला तोंडपाठ आहे, आणि फोन ठेवला. ही हाताने नावं भरायला बसली आहे. माझा निषेध, दुसरं काय.

८ मार्च, शनिवार
हिचे डोळे लाल झालेत. हाताने सगळे एप्रन होणं शक्य नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पण आता माघार घेतली तर आठवडा फुकट गेल्यासारखं होईल. दोष सीडीत आहे, असा माझा निष्कर्ष. तरी या सीडीलाच वठणीवर आणणार.

९ मार्च, रविवार
सकाळी फॉरमॅट, कॉपी. ऐन रीस्टार्टच्या वेळी गॅसवाला आला. हिला ओरडून सांगितलं, खुर्चीत बस, ओळ आली की कळ दाब, कुठलीही दाब. सिलेंडर आत घेऊन आलो तर पडद्यावर मी आजवर न पाहिलेलं काहीतरी: सिस्टीम पुढच्या पायरीवर. कोणती कळ दाबलीस, मी विचारलं. म्हणाली, एका हातात सुई, दुसऱ्यात एप्रन, दाबणार कशी? ओळ आली, थोडी थांबली, गेली.
म्हणजे एकदा फायली कॉपी झाल्यावर कळ दाबायचीच नव्हती. दाबली की बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी बुधवारपासून दाबतो आहे.

संध्याकाळी
प्रोग्रॅम चालू, भरतकामाचं मशीनही चालू. उजाडेपर्यंत सगळे एप्रन होतील, असं ही म्हणते. लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं. मदत करू का विचारलं. लॅपटॉपला हात लावला नाहीत तर तेवढी मदत पुष्कळ, म्हणाली. ठीक आहे. फक्त यातलं एक अक्षर धाकट्याला कळता कामा नये, असं मी ठणकावून सांगितलं.
म्हणाली, मघाशीच फोन झाला. भावजी हसायचे थांबेनात, म्हणून शेवटी मीच ठेवला.