नोटीस मीच घेतली

ती. वन्संना,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? नातीला दात आले असतील. इकडे माझी तब्येत बरी आहे. मामंजींना जाऊन साडेचार महिने झाले, तरी पेपर आला की मी तो त्यांच्या खुर्चीवर ठेवते, आणि मग तिथे बसवत नाही म्हणून उभ्यानेच वाचते.

एक गोष्ट फोनवर सांगणार होते, पण फोनवर मी ‘हो’ आणि ‘बरं’ याच्यापुढे जात नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी तुमच्या बंधूंपासून घटस्फोट मिळावा म्हणून अर्ज केला आहे. रागाने नव्हे. (नऊ वर्षांपूर्वी ते सहा महिन्यांसाठी म्हणून परदेशी गेले, रागवायचंच असतं तर सातव्या महिन्यात रागावले असते.) मामंजी होते तोवर मी त्यांची सून होते आणि तेवढं काम दिवसभर पुरत होतं. ते गेले आणि मी नक्की कोणाची कोण, हे मलाच सांगता येईना. काळजी एकच आहे, की नवऱ्याबरोबर तुम्हीही सुटाल का. वकीलबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कायद्यात नणंदेविषयी काही लिहिलेलं नाही.

तर नवरा परदेशात असला की नोटीस इथल्या सरकारकडून तिथल्या सरकारकडे जाते, तिथल्या भाषेत होते आणि मग कधीतरी त्याच्या दारी पोचते. त्यात वर्ष जातं म्हणून वकीलबाईंनी शेवटचा ठाऊक असलेला पत्ताच अर्जात घातला. तो आपल्याच घराचा. (मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते शेवटचे दिसले ते इथेच.) एका मंगळवारी मी कपडे वाळत घालत असताना कोर्टाचा बेलीफ आला. त्याने तुमच्या बंधूंचं नाव घेऊन विचारलं, इथेच राहतात का? मी म्हटलं, राहत होते. आपण कोण? मी म्हटलं, बायको. मग तो म्हणाला, घरातल्या जाणत्या माणसाने घेतली तरी चालते, करा सही. मी हात पुसले आणि केली. नऊ वर्षं करतेच आहे. त्यांच्या नावाचं काहीही आलं तरी परत पाठवायचं नाही, घ्यायचं आणि न उघडता खणात ठेवायचं, ही मामंजींची ताकीद होती. टपाल परत गेलं तर मुलगा परत यायचा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. तशी ही नोटीसही खणात गेली.

पुढच्या तारखेला कारकुनाने वाचलं, नोटीस प्रतिवादीच्या पत्नीस मिळाली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही स्वतःच्या नवऱ्याविरुद्धची नोटीस स्वतःच घेतलीत?” मी म्हटलं, “घरात दुसरं कोणी नव्हतं.” मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकीलबाई कागदात काहीतरी शोधत राहिल्या. आता सगळं पहिल्यापासून.

म्हणून रविवारी मीच तुमच्या बंधूंना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, ते अजून व्हायचंच आहे? मी तर इथे सगळ्यांना झालं म्हणून सांगितलंय!” मग त्यांनीच माझी समजूत घातली, की होईल, होतं असं. मी ‘बरं’ म्हटलं. कोण कोणाला सोडून गेलं आणि कोण सोडतंय, हे मला आता कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

तब्येतीला जपा. मोठ्यांना नमस्कार, नातीला पापा.

आपली,
वहिनी

ता. क. – त्यांचा आत्ताचा पत्ता असल्यास कळवावा.

ता. क. २ – पत्ता नको. तो त्यांनी फोनवर दिला. खरं काम असं, की ते इथे राहत नाहीत याला साक्षीदार हवा, आणि वकीलबाई म्हणतात सासरचं माणूस असेल तर उत्तम. तुमच्या भावाविरुद्ध तुम्हालाच बोलावते आहे. संकोच वाटला तर नाही म्हणा, मी वाईट वाटून घेणार नाही.

ता. क. ३ – वाईट वाटेल. तारीख एकाच दिवसाची आहे, पण आठ दिवस राहायला या. मामंजींचं कपाट मी अजून उघडलेलं नाही. एकटीने होत नाही.