हार्सविकच्या ह्यूचा तपास

ती. स्व. हेस्टर आत्यास,

लायनलचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण दप्तरखान्यातल्या खुर्चीने माझी कंबर धरली आहे.) तुझा गुडघा कसा आहे? मांजर अजून पाहुण्यांना ओरबाडतं ना? छान.

शनिवारी जुन्या घराण्यांच्या मंडळाच्या जेवणात तू उभी राहून आपण सरदार सर ह्यू हार्सविकचे वंशज असल्याचं जाहीर करणार आणि पुरावा मी शोधायचा, असं ठरलं होतं. आत्या, ह्यू सापडला. सापडला म्हणजे काय, जहागिरीच्या कोर्टाची कुठलीही गुंडाळी उलगडा, हा हजर! (सज्जनांची नावं त्यात येतच नाहीत, हे मला उशिरा कळलं.) तपासनीस चाखायला येण्याआधीच बायकोने बिअर विकली, दंड. शेजाऱ्याच्या शेतपट्टीत नांगर घातला, दंड. डुक्कर पाद्रीबुवांच्या वाटाण्यात शिरलं, दंड. (डुक्कर देखणं असावं, पाद्रीबुवांनी ते परत केलं नाही.) मग मालकाला न विचारता मुलीचं लग्न लावलं, पुन्हा दंड. ही नोंद मी दोनदा वाचली. अशी परवानगी लागायची ती वेठीच्या कुळांना, ज्यांना गाव सोडायचीही मुभा नसे. आणि मालक कोण, तर सर ह्यू!

म्हणजे ह्यू दोन. एक गावाचा धनी. दुसरा, आपला, बायकोपोरांसह लिंकन शहरात पळालेला. गावात होता तोवर त्याला हार्सविकचा कोण म्हणणार? सगळेच हार्सविकचे! परगावी गेला तेव्हा लोकांनी ते नाव चिकटवलं, तेच आपण मिरवतोय. त्यानंतर कारकून दर बैठकीत लिहितो, ‘ह्यूला धरून आणा.’ तीस वर्षं हेच! कारकून मेले, पण ह्यू काही हाती लागला नाही. खरं सांगतो, मला त्याचा भारी अभिमान वाटला. पण मंडळाला वाटणार नाही. तेव्हा शनिवारी तू फक्त जेव. तिथलं बदक चांगलं असतं म्हणे.

तुझा आज्ञाधारक भाचा,
लायनल

ता. क. मंडळाचे अध्यक्ष ऑलिफंटसाहेब इथेच भेटले. “अहो, सर ह्यूला मूलबाळच नव्हतं, आम्ही त्याच्या भावाचे वंशज!” हे ते भेटेल त्याला ऐकवतात. तू भाषण ठोकलंस तर ते पोट धरून हसतील, आणि मग त्यांच्या मुलीला, सिसलीला, मी कोणत्या तोंडाने मागणी घालू? निदान माझ्यासाठी तरी गप्प राहा गं.

आणखी एक. पळालेला ह्यू तरी आपलाच, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या वर्षी हार्सविकमधून ह्यू नावाचे तिघे पळाले. त्यातला सर्वांत बरा मी निवडला आहे.