करड्या विमानाचा नंबर

रवि., ९ नोव्हें.
सकाळी विमानतळाच्या कुंपणापाशी गेलो. नेहमीची वाटणी, दुर्बीण ह्यांच्याकडे, वही माझ्याकडे. ते विमानांवरचे नंबर वाचणार, मी लिहिणार. नऊ वर्षं हाच छंद. आधी त्यासाठी पुण्याला जायचो, आता आपल्याच गावात.
मुंबईचं विमान उतरलं, नंबर लिहिला. मग एक करडं, लांब पंखांचं, अगदी खालून आलं. ह्यांनी नंबर सांगितला, मी लिहिलाही. एवढं खाली आलंय तर वैमानिक दिसेल म्हणून दुर्बीण ओढून घेतली.
वैमानिक नाही. खिडकीच नाही! आकडा नाही, अक्षर नाही. आत माणूस नाही आणि आमच्या डोक्यावरून चाललंय.
शिपाई ओरडला, "मावशी, लष्कराचं ड्रोन हाय ते! वही आत ठेवा की!"
घरी चहा टाकताना डोक्यात प्रकाश पडला. नंबर नव्हताच, तर ह्यांनी वाचला काय?

सोम., १०
वही चाळली. गणपतीपासून तेच तीन नंबर, आलटून पालटून. आठवणीतलेच सांगता का, विचारलं.
"तुला काय कळतंय त्यातलं?"
मग खाली बघत, "मधोमध धूर दिसतोय. कडेनं दिसतंय की."
मधोमध! आणि ह्याच माणसाच्या गाडीवर मागे बसून मी रोज अक्कलकोट रोडनं…
ते टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला. सुटलेला धागा शोधायचा, हीच नोकरी. तिथं कसं करता, म्हटलं.
"हातानं. बोटाला कळतंय. मालकाला बोलू नको."
इतका राग आला की जेवले नाही. रागापेक्षा भीतीच जास्त.

बुध., १२
डॉ.कडे. डोळ्यात औषध घालून दोन तास बाकावर. मोतीबिंदू नाही, आतल्या पडद्याचं आहे. इंजेक्शनं देऊ, हमी नाही. गाडी बंद. कारखान्यात सांगून टाका म्हणाले. त्यांना काय जातंय सांगायला!
रिक्षात हे एवढंच बोलले, "सांगितलं की काढत्यात."
झाकली मूठ. पण झाकायची किती दिवस?

रवि., १६
नको म्हणत होते, मीच ओढून नेलं. आज दुर्बीण माझ्याकडे, वही त्यांच्या मांडीवर. मुंबईचा नंबर मी वाचला, त्यांनी मोठ्ठ्या अक्षरात लिहिला, दोन ओळी खाऊन.
मग ते करडं पुन्हा. आवाजावरून त्यांनीच आधी ओळखलं.
"नंबर?"
"नाही."
"खरंच न्हाई, का तुला बी दिसंना?"
"खरंच नाही हो."
विमान लांब जाईपर्यंत ह्यांची मान वर. मग म्हणाले, "आत माणूस न्हाई, तरी त्याला आपण दिसत असणार की. मला तर तुझं तोंडबी दिसत न्हाई. समोर बघितलं की नुसती साडी दिसतीया."
तीन महिने हा माणूस माझ्याकडे बघून हसतोय, आणि मी समजतेय की…
उद्या आठची पाळी. गाडीची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. रिक्षानं मी सोबत जाणार, तेवढं ठरलंय. मालक दारातच बसलेले असतात. त्यांना काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.